नाट्यशिक्षणाची निवड आणि शिष्यवृत्तीचा हिशेब

इंदूरला स्थायिक झालेले माझे एक स्नेही मागच्या उन्हाळ्यात भेटावयास आले, ते खिशात दोन कागद घेऊनच. मुलगी नुकतीच पदवीधर झालेली, महाविद्यालयाच्या एकांकिकांतून कामे केलेली. आता तिला अभिनयाचेच रीतसर शिक्षण घ्यावयाचे होते. एका विद्यापीठाच्या नाट्यविभागाने तिचे निम्मे शिक्षणशुल्क माफ केल्याचे कळविले होते. दुसऱ्या एका संस्थेने शुल्कात एका पैशाचीही सवलत दिली नव्हती, मात्र दरमहा बेताचे विद्यावेतन देऊ केले होते. "यांतले उदार कोण, ते सांगा," असा स्नेह्यांचा प्रश्न. 'निम्मे' हा शब्द त्यांच्या मनात भरला होता, हे उघड दिसत होते.

अभिनयाचे शिक्षण इतर शिक्षणांहून एका बाबतीत अगदी निराळे आहे. कायद्याचा किंवा वाङ्मयाचा विद्यार्थी सकाळी शिकवण्या करून किंवा सायंकाळी एखादी लहानशी नोकरी धरून आपला खर्च भागवू शकतो. नाट्यविद्यार्थ्याला ते साधत नाही. सकाळी आवाजाचे व शरीराचे व्यायाम, दुपारी नाट्यशास्त्राचे व रंगभूमीच्या इतिहासाचे वर्ग आणि सायंकाळी तालीम. प्रयोग जवळ आला की त्या तालमीला घड्याळाचे बंधन राहत नाही. जो कमावण्यासाठी तालमीतून उठून जातो, त्याची भूमिका दुसऱ्याकडे जाते. म्हणून या शिक्षणात शिष्यवृत्तीने विकत घ्यावयाची वस्तू म्हणजे मुख्यतः वेळ होय.

समजा, वर्षाचे शुल्क वीस हजार आहे आणि ते निम्मे माफ झाले. वाचले दहा हजार. पण परक्या शहरात खोली, खानावळ व जाण्यायेण्याचा खर्च मिळून महिन्याला दहा हजार लागले, तर वर्षाचे एक लाख वीस हजार होतात. ती सवलत एका महिन्यातच संपते. आपल्याकडील सरकारी संस्थांत व विद्यापीठांत पुष्कळदा शुल्कापेक्षा राहण्याजेवणाचाच भार मोठा असतो. अमेरिकेत याच्या उलट, शुल्कच डोईजड असते. येल विद्यापीठाच्या नाट्यविद्यालयाने २०२१ साली १५ कोटी डॉलरच्या देणगीच्या बळावर सर्व विद्यार्थ्यांचे शुल्क माफ केले, तेव्हा त्याचा एवढा गाजावाजा झाला तो यामुळेच. तेथे शुल्कमाफी हे फार मोठे दान आहे. येथे ते कित्येकदा नावापुरतेच असते.

आपल्या देशातील सर्वपरिचित उदाहरण दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे. संगीत नाटक अकादमीने १९५९ साली ते स्थापन केले आणि १९७५ साली ती स्वायत्त संस्था झाली. १९६२ पासून इब्राहीम अल्काझी यांनी पंधरा वर्षे तेथे जी शिस्त लावली, तिची आठवण जुने विद्यार्थी आजही काहीशा धाकानेच काढतात. अभ्यासक्रम तीन वर्षांचा, आणि निवडलेल्या प्रत्येक विद्यार्थ्यास दरमहा शिष्यवृत्ती. गुणवंतांना तेवढी आणि इतरांना नाही, असा भेद तेथे नाही. पण या औदार्याची दुसरी बाजू अशी की साऱ्या देशातून जागा तीसेकच. पदवी आणि नाट्यप्रयोगांचा पूर्वानुभव असल्यावाचून अर्जच करता येत नाही. शिवाय तेथील व्यवहार प्रामुख्याने हिंदीतून चालतो. मराठी मुलामुलींना ती भाषा नुसती बोलून भागत नाही, ती रंगमंचावर आपलीशी करावी लागते. रोहिणी हट्टंगडी पुण्याहून तेथे गेल्या, आणि पुढे मराठी व हिंदी दोन्हींत त्यांनी नाव मिळविले.

'पदवी की पदविका' या प्रश्नावरून घरोघर वाद होतात. राष्ट्रीय नाट्य विद्यालय देते ती पदविका. परंतु महाविद्यालयांत अध्यापक होण्यापुरती भारतीय विद्यापीठ संघाने तिला एम. ए.ची बरोबरी दिलेली आहे. इंग्लंडमध्ये तर हा भेद थेट पैशाशी जोडलेला होता. तेथे १९६० नंतरच्या काळात विद्यापीठीय पदवीच्या विद्यार्थ्यांना सरकारी अनुदान हक्काने मिळे. नाट्यविद्यालयांच्या पदविकेसाठी मात्र ते स्थानिक संस्थांच्या मर्जीवर अवलंबून असे. ती मर्जी आटू लागली, तेव्हा अनेक नामांकित नाट्यविद्यालयांनी आपल्या पदविकांचे रूपांतर पदव्यांत करून घेतले. आपल्याकडे बडोदे, पुणे, मुंबई, कलकत्ता येथील विद्यापीठांतून नाट्यशिक्षणाची पदवी मिळते. शिक्षकी पेशाचा विचार असेल त्याने पदवीकडे अवश्य पाहावे. नट होऊ इच्छिणाऱ्याला मात्र भूमिका देताना कोणी प्रमाणपत्र विचारल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

शिष्यवृत्तीचा आकडा कळला म्हणजे ती कळली असे नव्हे. ती वर्षाचे बारा महिने मिळते की दहा? पहिल्या वर्षानंतर चालू राहण्यास अट कोणती? आणि हाती केव्हा पडते? केंद्रीय संस्कृती मंत्रालयाच्या तरुण कलावंतांसाठी असलेल्या शिष्यवृत्तीत नाट्याचाही समावेश आहे. महिना पाच हजार रुपये या दराने दोन वर्षे ती देण्याची योजना आहे. पण रक्कम येते सहामाही हप्त्यांनी. घरभाडे तर दरमहा द्यावे लागते! हा मधला काळ कोण सांभाळणार, हे आधी ठरलेले बरे.

आणि पैशाबाहेरचा एक प्रश्न, जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: वर्गात विद्यार्थी किती, आणि वर्षात नाटके किती? मी स्नेह्यांना एवढेच सुचविले की दोन्हीकडे मुलीला दोन-दोन संध्याकाळी तालमीला नुसती बसू द्या. ती बसून आली. सवलत देणाऱ्या विभागात मुले पुष्कळ होती, वर्षाकाठी नाटक एक, आणि प्रमुख भूमिका त्याच चौघांकडे. बाकीचे पडदे ओढीत होते. पडदे ओढणे हेही शिक्षणच आहे, पण तीन वर्षे तेवढेच नव्हे. दुसरीकडे विद्यार्थी जेमतेम वीस, आणि शिक्षक एका वाक्यासाठी एका मुलाला अर्धा तास थांबवीत होते.

परवा स्नेह्यांचे पत्र आले. मुलगी त्या दुसऱ्या संस्थेत दाखल झाली आहे. पहिल्या नाटकात तिच्या वाट्याला सत्तर वर्षांच्या म्हातारीची भूमिका आली असून, ती सध्या चाळीतल्या एका आजींच्या मागे मागे जिने चढते आहे. विद्यावेतनाचा पहिला हप्ता यावयास अजून दीड महिना आहे, आणि तोवरचे खानावळीचे पैसे इंदूरहून जात आहेत.