पंपाची गळती आणि विझलेली ठिणगी
पेट्रोल इंजिनाच्या डिस्ट्रिब्यूटरचे पाण्यापासून संरक्षण

पिकाचे पान पिवळे पडले की दोष पानातच असतो असे नाही. पुष्कळदा जमिनीत पाणी साचून मुळे गुदमरलेली असतात. अशा वेळी पानावर कितीही औषध फवारले तरी चर काढून पाणी वाहते केल्याशिवाय पीक सुधारत नाही. यंत्रांच्या बाबतीतही हाच अनुभव येतो. पेट्रोलवर चालणारी जुनी जीप किंवा मोटार एकाएकी आचके देऊ लागते, चढावर दम तोडते व अखेर बंद पडते. कारागीर डिस्ट्रिब्यूटर उघडतो, आत ओल आढळते, तो पुसून कोरडा करतो आणि गाडी सुरू होते. आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा तीच अवस्था. मालक नवा डिस्ट्रिब्यूटर आणतो, तोही बिघडतो. ओल कोठून आली, हा प्रश्न कोणी विचारलेला नसतो. पावसाळा नसताना डिस्ट्रिब्यूटर भिजत असेल, तर प्रथम संशय इंजिनाच्या स्वतःच्या वॉटर पंपावर घ्यावा, हे या लेखाचे सांगणे आहे.

डिस्ट्रिब्यूटरचे कार्य

पेट्रोल इंजिनात इंधन व हवा यांचे मिश्रण पेटविण्यासाठी ठिणगी लागते. बॅटरीचा दाब केवळ बारा व्होल्ट, तर काही जुन्या गाड्यांत सहाच व्होल्ट असतो. कॉइल हा दाब वाढवून हजारो व्होल्टपर्यंत नेते. हा वाढलेला दाब योग्य क्षणी योग्य सिलिंडरच्या प्लगकडे पोहोचविण्याचे काम डिस्ट्रिब्यूटर करतो. मधोमध फिरणारा रोटर एकामागून एक प्रत्येक वायरीच्या टोकासमोर येतो व त्या सिलिंडरचा वाटा त्यास देतो. पाटाच्या पाण्याची पाळी पाळणारा पाटकरी जसे ठरल्या क्रमाने एकेका शेताचे दार उघडतो, तसाच हा प्रकार होय.

आता या ठिकाणी ओल आली तर काय होते ते पाहू. कोरडी टोपी विजेला अडवून धरते. परंतु तिच्या आतील पृष्ठभागावर ओलीचा पातळ थर बसला की उच्च दाबाच्या विजेस पळवाट सापडते. ठिणगी प्लगवर न पडता टोपीच्या आतच वाहून जाते किंवा भलत्याच वायरीस मिळते. इतकेच नव्हे, तर वीज ज्या वाटेने गेली त्या वाटेवर जळून काळी रेघ उमटते. ही रेघ कोळशाची असल्याने पुढे टोपी पूर्ण कोरडी केली तरी वीज त्याच वाटेने जात राहते. रेघ उमटलेली टोपी पुसून सुधारत नाही; ती बदलावीच लागते.

इंजिनात साध्या पाण्याऐवजी कूलंट असेल तर हानी अधिक होते. पाणी उष्णतेने उडून जाते. कूलंटमधील ग्लायकॉल सहजी उडत नाही. त्याचा चिकट थर मागे राहतो आणि त्यावर धूळ बसत जाते.

पंप गळतो कसा

वॉटर पंपाच्या दांड्यावर एका टोकास पाणी ढकलणारे पाते व दुसऱ्या टोकास पुली असते. दांडा बेअरिंगमध्ये फिरतो. पाणी बेअरिंगकडे येऊ नये म्हणून मध्ये सील बसविलेले असते. सील व बेअरिंग यांच्यामधल्या जागेतून पंपाच्या खालच्या अंगास एक लहान छिद्र ठेवलेले असते. सील झिजून पाणी निसटू लागले तर ते बेअरिंगमध्ये न शिरता बाहेर पडावे व मालकास गळती दिसावी, हा या छिद्राचा हेतू होय. ती सूचना देणारी खिडकी आहे. काही ठिकाणी गळती थांबविण्याच्या समजुतीने हे छिद्र लांबी भरून बुजविले जाते. त्यामुळे पाणी बेअरिंगमध्ये शिरते, बेअरिंग खराब होते आणि पंप चालू गाडीतच अडकून बसण्याचा धोका उद्भवतो. हे छिद्र कदापि बुजवू नये.

रेडिएटरमध्ये पाणी कमी असताना इंजिन चालविणे, विहिरीचे गढूळ किंवा क्षारयुक्त पाणी भरणे, पट्टा वाजवीपेक्षा अधिक ताणणे आणि वाकलेल्या पंख्याने गाडी चालविणे ही सील व बेअरिंग लवकर झिजण्याची कारणे आहेत.

अमेरिकेतील एका इंजिनाचा धडा

पंप व डिस्ट्रिब्यूटर यांची जागा किती महत्त्वाची आहे, याचे बोलके उदाहरण अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीच्या इंजिनात सापडते. १९९२ साली या कंपनीने शेव्हरोले कॉर्व्हेट मोटारीत एल-टी-वन नावाचे ५.७ लिटरचे आठ सिलिंडरांचे इंजिन बसविले. पुढे ते शेव्हरोले कॅमेरो व पाँटिॲक फायरबर्ड या मोटारींत, तसेच १९९४ ते १९९६ या काळात अमेरिकेतील पोलिस दलांनी वापरलेल्या शेव्हरोले कॅप्रीस गाडीतही आले.

या इंजिनाचा डिस्ट्रिब्यूटर नव्या पद्धतीचा होता. तो इंजिनाच्या पुढील तोंडावर बसवून कॅमशाफ्टने फिरविला जाई. पॉइंटऐवजी त्यात खाचा पाडलेली एक पातळ चकती होती. खाचांच्या एका ओळीत ३६० व दुसरीत ८ खाचा असून त्यांतून जाणाऱ्या प्रकाशावरून इंजिनाची अचूक स्थिती कळत असे. प्रकाशावर चालणारा म्हणून त्यास ऑप्टिस्पार्क हे नाव पडले. अचूकतेच्या दृष्टीने ही योजना उत्तम होती. उणीव होती ती जागेची. वॉटर पंप या डिस्ट्रिब्यूटरच्या बरोबर वर होता. पंपाचे सील झिजले की सूचना देण्यासाठी ठेवलेल्या छिद्रातून पडणारे थेंब थेट डिस्ट्रिब्यूटरवर येत. कूलंट आत शिरले की ठिणगी चुके आणि प्रकाशाची योजनाही बिघडे.

आतील हवा कोंडून राहणे हा दुसरा दोष होता. उच्च दाबाच्या ठिणगीमुळे बंद जागेत ओझोन वायू तयार होतो. त्यात ओलावा मिळाला की धातू गंजतो. म्हणून नंतरच्या वर्षांतील डिस्ट्रिब्यूटरमध्ये इंजिनाच्या शोषणाने आतली दमट हवा ओढून घेणारी नळी जोडण्यात आली. त्यामुळे ओलावा कमी झाला. परंतु पंप वरच राहिल्याने गळतीचा धोका पूर्ण टळला नाही. १९९७ च्या कॉर्व्हेटमध्ये आलेल्या पुढील इंजिनात प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल देऊन डिस्ट्रिब्यूटरच काढून टाकण्यात आला.

ही इंजिने सांभाळणाऱ्या जाणत्या कारागिरांत एक रीत रूढ झाली. डिस्ट्रिब्यूटर बिघडला की ते आधी पंपाचे छिद्र पाहतात. पंप गळत असेल तर नवा डिस्ट्रिब्यूटर बसविण्यापूर्वी पंप बदलतात. वरचा पाझर तसाच ठेवून खाली नवा डिस्ट्रिब्यूटर बसविणे म्हणजे गळक्या छपराखाली नवे धान्य रचण्यासारखे आहे.

आपल्याकडील गाड्या

महाराष्ट्रात जीपची जुळणी महिंद्र कंपनीने १९४७ साली मुंबईत सुरू केली. खेड्यापाड्यांत विस्तारकार्यासाठी ही गाडी पुष्कळ वापरली गेली. पेट्रोलवरील जुन्या जीपा, अँबेसेडर, कुर्ल्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी व कार्बोरेटरवरील मारुती ८०० या गाड्यांत डिस्ट्रिब्यूटर असतो, आणि यांपैकी काही गाड्या आजही जपून वापरल्या जातात. डिझेल ट्रॅक्टर व डिझेल जीप यांत इंधन दाबाच्या उष्णतेने पेटत असल्याने डिस्ट्रिब्यूटर नसतो. त्यांच्या पंपाची गळती वेगळ्या मार्गाने, म्हणजे इंजिन तापवून, नुकसान करते.

जुन्या जीपमध्ये डिस्ट्रिब्यूटर पंपाच्या खाली नसून इंजिनाच्या बाजूस असतो. तरीही तो सुरक्षित आहे असे समजू नये. पंखा पंपाच्याच दांड्यावर बसविलेला असतो. पंपातून निसटलेले पाणी पंख्याच्या वाऱ्याने मागे उडते व तुषारांच्या रूपाने वायरी, कॉइल आणि डिस्ट्रिब्यूटर यांवर बसते. वरचा होज पाइप चिरला किंवा त्याची क्लिप सैल झाली तरी हाच परिणाम होतो.

गळती कशी ओळखावी

१. रात्रभर उभ्या गाडीखाली पुढच्या बाजूस ओला डाग दिसतो काय, ते सकाळी पाहावे.
२. पंपाच्या छिद्राभोवती पांढरी, हिरवी किंवा तांबूस खरड जमली असल्यास गळती सुरू झाली आहे असे समजावे. ते ठिकाण त्या वेळी कोरडे असले तरीही.
३. बाहेर गळती दिसत नसताना रेडिएटरमध्ये वरचेवर पाणी घालावे लागत असेल तर पंप तपासावा.
४. इंजिन बंद व थंड असताना बॅटरीची तार काढून पंख्याचे पाते पुढे-मागे हलवून पाहावे. दांडा खिळखिळा लागल्यास बेअरिंग गेले आहे.
५. अंधारात इंजिन चालू ठेवून दुरूनच टोपी व वायरी न्याहाळाव्यात. निळसर ठिणग्या दिसल्यास वीज बाहेर निसटत आहे. अशा वेळी वायरींना हात लावू नये.

दुरुस्तीच्या वेळी घ्यावयाची दक्षता

पुष्कळदा पंप बदलतानाच डिस्ट्रिब्यूटर भिजतो. यास्तव इंजिन पूर्ण थंड झाल्यावर प्रथम रेडिएटर खालून रिकामा करावा. गरम इंजिनाचे रेडिएटरचे झाकण उघडू नये. उकळते पाणी अंगावर उडते. पंपाचे बोल्ट सैल करण्यापूर्वी डिस्ट्रिब्यूटर व कॉइल यांवर प्लॅस्टिकची पिशवी बांधावी, आणि काम संपताच ती आठवणीने काढावी. गास्केट नवे वापरावे व जुन्याचे तुकडे खरवडून बसण्याची जागा स्वच्छ करावी. पट्ट्याचा ताण गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे ठेवावा.

डिस्ट्रिब्यूटर भिजलाच असेल तर बॅटरीची तार काढून, वायरींवर क्रमांकाच्या खुणा करून टोपी उतरवावी. कूलंट लागले असल्यास उतरविलेली टोपी व रोटर स्वच्छ पाण्याने धुऊन उन्हात पूर्ण वाळवावेत. काळी रेघ किंवा तडा आढळल्यास दोन्ही बदलावेत. डिस्ट्रिब्यूटरचा सांगाडा सैल करून फिरवू नये; त्याने ठिणगीची वेळ बदलते. पुसण्यासाठी पेट्रोल वापरणे धोक्याचे आहे.

काही मालक पंख्याच्या मागे रबराचा पडदा बसवितात. पडदा पट्ट्यास, पंख्यास किंवा तापणाऱ्या धुराच्या नळीस लागत नसेल तर हा उपाय चांगला आहे. परंतु डिस्ट्रिब्यूटर सर्व बाजूंनी आवळून बंद करू नये. आतील दमट हवेस बाहेर जाण्यास वाट हवी.

काढलेले कूलंट अंगणात, गोठ्याजवळ किंवा ओढ्यात ओतू नये. ग्लायकॉल चवीस गोडसर व अत्यंत विषारी असते. जनावरे व कुत्री ते पितात आणि दगावतात. ते झाकणाच्या डब्यात भरून मुलांच्या व जनावरांच्या आवाक्याबाहेर ठेवावे व गॅरेजमार्फत त्याची विल्हेवाट लावावी.

पावसाळ्यापूर्वीची तपासणी

खेड्यातील गाडी हे केवळ सोयीचे साधन नसते. बाळंतिणीस दवाखान्यात नेणे, दूध वेळेवर संकलन केंद्रावर पोहोचविणे, बियाणे आणणे ही कामे तिच्यावर अवलंबून असतात, आणि ती आडरानात बंद पडल्यास होणारा तोटा पंपाच्या किमतीने मोजता येत नाही. मृगापूर्वी जशी औतांची डागडुजी होते, तशीच गाडीच्या पंपाचे छिद्र, होज पाइप, क्लिपा, टोपी व वायरी यांची तपासणी करून घ्यावी. ग्रामसेवक व कृषी सहायक यांनी गावातील अशा गाड्यांच्या मालकांस एवढी एक गोष्ट समजावून द्यावी, की ठिणगी विझली तर डिस्ट्रिब्यूटर पुसावा हे खरे, पण त्याआधी पाणी कोठून येते ते शोधावे. पंपाच्या छिद्रातील पहिला थेंब दिसताच पंप बदलणारा मालक एकाच खर्चात सुटतो. जो थेंबाकडे दुर्लक्ष करतो, त्यास पंप तर घ्यावा लागतोच, शिवाय डिस्ट्रिब्यूटरही घ्यावा लागतो.