वैतरणेच्या मुखावरचं गाव : अर्नाळा

त्र्यंबकेश्वरच्या परिसरातल्या डोंगरांवर पडलेला पाऊस दोन वाटांनी जातो. गोदावरीचं पाणी पूर्वेला वळून पैठणच्या नाथसागरात येतं आणि आपल्या छत्रपती संभाजीनगरची तहान भागवतं. वैतरणेचं पाणी पश्चिमेला उतरून अर्नाळ्याजवळ समुद्राला मिळतं. या मुखावरच एक छोटं बेट आहे आणि त्यावर किल्ला आहे, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण तिथे कोळ्यांचं नांदतं गाव आहे, हे तिथे गेल्यावरच नीट कळतं. मराठवाड्यातल्या माणसाने उत्तर कोकणातलं हे गाव आवर्जून पाहावं.

संभाजीनगरहून रेल्वेने दादर, तिथून विरार लोकल, मग विरार पश्चिमेहून बस किंवा रिक्षाने अर्नाळा आणि पुढे होडी. पाण्यातला प्रवास थोड्याच वेळाचा, पण तो भरती-ओहोटीच्या हिशेबाने चालतो. ओहोटीला चप्पल हातात घेऊन पाण्यातून चालायची तयारी ठेवावी आणि परतीच्या होडीची वेळ उतरतानाच विचारून घ्यावी.

किल्ल्याचा इतिहास मोठा आहे. गुजरातच्या सुलतानाने सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे गढी बांधली, नंतर बेट पोर्तुगीजांकडे गेलं. 1737 मध्ये मराठ्यांनी ते जिंकलं आणि जुन्या जागी नवा मजबूत कोट उभारला. दोन वर्षांनी चिमाजी आप्पांनी वसई घेतली. वसई मोहिमेत वैतरणेच्या तोंडावरची ही चौकी हाती असणं फार मोलाचं होतं. दरवाजावर हत्ती आणि वाघ कोरलेले आहेत. वरच्या शिलालेखात बाजीरावांच्या आज्ञेने कोट बांधल्याची नोंद आहे. आत अष्टकोनी तळं आणि त्र्यंबकेश्वराचं मंदिर आहे. जिथून वैतरणा निघते तिथला देव तिच्या मुखाशीही बसलेला पाहून गोदाकाठच्या माणसाला घरचंच वाटतं.

बहुतेक पर्यटक तटावरून फिरून दुपारच्या होडीने परततात. खरं बेट त्यानंतर सुरू होतं. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर राहायला रिसॉर्ट आहेत. बेटावर मुक्काम करायचा तर ओळख काढून, आधी विचारूनच करावा. एका कोळी कुटुंबाकडे आमची सोय झाली, म्हणून कोळ्यांची कामं जवळून पाहता आली.

इथलं मुख्य जाळं डोल. समुद्रात रोवलेल्या खुंटांना ते बांधतात, तोंड प्रवाहाकडे. पाण्याच्या ओढीने मासळी आत जाते आणि निमुळत्या टोकाच्या खोळ्यात साठते. ओढ मंदावली की जाळं उचलायचं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला प्रवाह जोरात, म्हणून मासळी जास्त. मधल्या भांगाच्या दिवसांत पाणी सुस्त, म्हणून कमाईही बेताची. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. त्यामुळे कोळ्याच्या घरचं जेवण, झोप आणि लग्नाला जाणंसुद्धा पाण्याला विचारूनच ठरतं.

मासळी आली की बायकांचं काम सुरू होतं. दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची. उभ्या खांबांना बांधलेल्या या दोऱ्यांच्या रांगा म्हणजे वलांडी. बोलता बोलता या बायकांचे हात इतके भराभर चालतात की जोडी कधी झाली ते दिसत नाही. ताज्या बोंबलाच्या अंगात बहुतांश पाणीच असतं. ऊन आणि वारा मिळाला की तो कडक वाळतो, अवकाळी पाऊस आला की सगळा माल नासतो. हातातोंडाशी आलेला घास पावसाने नेणं मराठवाड्याला वेगळं सांगायला नको. आपल्या आठवडी बाजारात भाकरीसोबत खायला घेतो तो सुका बोंबील अशाच हातांखालून आलेला असतो.

जून-जुलैत मासेमारी बंद असते. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून नवा हंगाम धरतात. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, म्हणून जायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. वलांडीजवळ फोटो काढण्याआधी विचारावं, प्लास्टिक परत न्यावं आणि सुकी मासळी थेट कोळणींकडून घ्यावी.

18 जून 2025 रोजी विशाखापट्टणमला नौदलात पाणबुडीविरोधी युद्धनौका दाखल झाली, तिचं नाव ‘अर्नाळा’. किल्ल्याचा हा गौरवच आहे. पण ज्या किनाऱ्यावर गाव वसलं आहे, तो किनारा समुद्र खात चालला आहे. उधाणाचं पाणी घरांपर्यंत येतं. तटाच्या दगडांइतकीच काळजी या घरांची घेतली पाहिजे, कारण बेट राखलं ते त्यावर राहणाऱ्यांनी.