एक किलो रुईचे किलोमीटर

दिवाळी सरली की पाथरी-मानवत पट्ट्यात कापसाच्या गाड्यांची वर्दळ सुरू होते. जिनिंगच्या आवारात गाडी उभी राहिली, की माल पाहणारा माणूस वरच्या कापसाला हातही लावत नाही. वरचा थर उन्हाने वाळलेला, तो काय सांगणार? तो कोपरापर्यंत हात खुपसून आतला मूठभर कापूस काढतो, सरकीपासून पुंजका सोडवतो आणि दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढतो. अर्धा टाकतो, उरलेला जुळवून पुन्हा ओढतो. असं काही वेळा केलं की गुंता जातो, तंतू एका ओळीत येतात आणि बोटांत इवलीशी चपटी पट्टी उरते. ती नखाशी धरून तो बोलतो, ‘अठ्ठावीस-एकोणतीस एमएम.’ फूटपट्टी कुठेच नसते.

हेच मी घरी करून पाहिलं, पण सवडीने आणि फूटपट्टी घेऊन. एक सरकी घ्यायची, तिच्यावरचे तंतू बारीक फणीने दोन्ही बाजूंना विंचरायचे. मधे काळी सरकी आणि भोवती पांढरा पंखा. कडेचे विरळ तंतू सोडून द्यायचे आणि दाट भाग जिथे संपतो तिथे खूण करायची. ही पद्धत कापूस संशोधनातही जुनी आहे. माझ्या पंख्याची एक बाजू 28 मिलिमीटरच्या जरा पुढे गेली. म्हणजे त्या माणसाचं नख बरोबर होतं.

लांबी डोळ्यांना दिसते, जाडी दिसत नाही. तंतूची जाडी साधारण 12 ते 20 मायक्रोन, आणि एका मिलिमीटरमध्ये 1,000 मायक्रोन. 28 मिलिमीटर म्हणजे 28,000 मायक्रोन. जाडी 15 धरली तर लांबी जाडीच्या जवळजवळ 1,900 पट. हा अख्खा तंतू म्हणजे एकच पेशी, हे मला दर वेळी नव्याने अचंबित करतं. फूल उमलतं त्या दिवशी ती सरकीच्या सालीतून डोकं वर काढते. पहिले तीनेक आठवडे लांबी वाढते, मग आतून सेल्युलोजचे थर चढत जातात. पाणी, अन्नद्रव्यं किंवा कीड यांचा घोळ या दुसऱ्या टप्प्यात झाला, तर तंतू लांब पण पोकळ राहतो.

तंतू किती भरला, हे नखावर नीट कळत नाही. त्यासाठी यंत्र आहे. ठरावीक वजनाच्या रुईतून हवा सोडतात आणि ती किती अडते ते पाहतात. त्यावरून येणारा आकडा म्हणजे मायक्रोनेअर. बाजारात त्याला नुसतं ‘माईक’ म्हणतात. माईक 4 म्हणजे एक इंच तंतूचं वजन 4 मायक्रोग्रॅम. ग्रॅमचा दहा लाखावा भाग आणि तोही इंचाशी बांधलेला! मेट्रिक पद्धत देशात येऊन इतकी वर्षं झाली, तरी हा इंच काही हटला नाही.

आता कागद घेऊ. एक किलो म्हणजे 100 कोटी मायक्रोग्रॅम. त्याला 4 ने भागलं की 25 कोटी इंच. इंचाला 25.4 मिलिमीटर, म्हणून 635 कोटी मिलिमीटर. हजाराने भागा : 63.5 लाख मीटर. पुन्हा हजाराने : 6,350 किलोमीटर. एक किलो रुईतले सगळे तंतू टोकाला टोक लावून ठेवले तर एवढी लांबी होते. सात किलो रुई विषुववृत्ताला पुरून उरते, कारण तो वेढा सुमारे 40,075 किलोमीटरचा आहे. क्विंटलभर कापसातून 34 किलो रुई निघाली तर 2,15,900 किलोमीटर. दोन क्विंटलचा तंतू सरासरी 3,84,400 किलोमीटरवरचा चंद्र ओलांडून पुढे जातो. पाथरीचा शेतकरी दोन क्विंटलला माल म्हणत नाही, ती गोष्ट वेगळी.

या हिशेबात हात अडखळतो तो शून्यांवर. मायक्रोन, मिलिमीटर, मीटर, किलोमीटर ही पायरी तीन-तीन शून्यांची. आपले हजार, लाख, कोटी मात्र दोन-दोन शून्यांनी चढतात. त्यामुळे एक किलोमीटर म्हणजे 100 कोटी मायक्रोन हे तोंडी सांगताना एखादं शून्य हमखास निसटतं. प्रत्येक टप्प्यावर मीटरवर उतरावं आणि मग पुढे जावं, हा माझा उपाय. सूतगिरणीतलं मापही त्याने सुटतं. 30 काउंटचं सूत म्हणजे एका पौंडात 840 यार्डांच्या 30 लडी. ते किलोला सुमारे 50.8 किलोमीटर पडतं. 6,350 भागिले 50.8 केलं की 125 येतात. पीळ आणि वळणं सोडून दिली, तर त्या सुतात कुठेही छेद घ्या, जवळपास सव्वाशे तंतू शेजारी शेजारी सापडतील.

माईक 4 चा 5 झाला की किलोमागे 6,350 चे 5,080 किलोमीटर उरतात. इंचामागे एक मायक्रोग्रॅम वाढला आणि 1,270 किलोमीटर गेले. तंतू जाड झाला की सुताच्या छेदात कमी मावतात आणि बारीक सूत तुटायला लागतं. म्हणून गिरणीवाला माईक विचारतो. तो फार खाली गेला तरी नाक मुरडतो, कारण बहुधा तंतू कच्चा असतो.

भावाचं कोष्टकही याच दोन मापांवर उभं आहे. 2025-26 च्या हमीभावात 24.5 ते 25.5 मिलिमीटरच्या मध्यम धाग्याला क्विंटलला 7,710 रुपये आणि 29.5 ते 30.5 मिलिमीटरच्या लांब धाग्याला 8,110. पाच मिलिमीटरला 400 रुपये. पण त्याआधी ढिगात ओलावा मोजण्याचं यंत्र खुपसतात. त्याचा आकडा 12 टक्क्यांच्या पुढे गेला, तर हमीभावाच्या केंद्रावर गाडी परत फिरवावी लागते. मग धागा किती लांब, हे कोणी विचारतही नाही.