खूण नसलेला दंश

पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखीने उठतो आणि थोड्या वेळात त्याच्या पापण्या मिटू लागतात, तेव्हा अपघात विभागात पहिला संशय मण्यारीचा यायला हवा. तिच्या दंशाची खूण, सूज बहुधा दिसतच नाही; रक्त गोठण्याची २० मिनिटांची चाचणीही बिनदोष येते, कारण हे विष रक्तावर नव्हे, मज्जातंतूंवर घाला घालतं. पुराव्याविना प्रतिविष दिलं आणि जीवघेणी ॲलर्जी झाली तर, हा आक्षेप रास्त आहे. पण ॲलर्जीवर ॲड्रिनलिनचा उपाय आहे आणि झुकलेल्या पापण्या, अडखळतं गिळणं हाच इथे पुरावा. प्रतिविष आधीची इजा मात्र भरून काढत नाही. श्वास मंदावताच कृत्रिम श्वास द्यावा लागतो, कधी कित्येक दिवस. या काळात निपचित रुग्णाला मेंदूमृत समजणं घातक, कारण तो पूर्ण शुद्धीवर असू शकतो.