बंदुकीच्या दारूची गोष्ट – लेखांक ५ : डोंगरापलीकडची गिरणी

ठासणीच्या लांब नळीच्या रायफलीला एका बारासाठी साधारण पाच-सहा ग्रॅम दारू लागते. म्हणजे एका पौंडात ७५ ते ९० बार निघतात. सप्टेंबर १७८० मध्ये ॲपलेशियन डोंगरापलीकडच्या वटॉगा वसाहतीतून, म्हणजे आजच्या ईशान्य टेनेसीतून, बंडखोरांची एक फौज निघाली. तिच्यासाठी मेरी पॅटन नावाच्या बाईने ५०० पौंड दारू करून दिली, असे टेनेसीत परंपरेने सांगतात. पुढे प्रत्यक्ष लढाईत उतरले ते ९०० च्या आसपास लोक. हिशेब केला तर माणशी जेमतेम ४५ बार. तेवढ्यावर ब्रिटिशांच्या दक्षिणेतल्या मोहिमेचे पारडे फिरले.

मागच्या लेखात आपण बिहारच्या सोऱ्याकडे, म्हणजे दारूच्या मुख्य घटकाकडे पाहिले. प्लासीनंतर त्या सोऱ्यावर ईस्ट इंडिया कंपनीची पकड बसली आणि त्याचा परिणाम थेट अमेरिकेपर्यंत पोचला. १७७५ मध्ये वसाहतींचे राजाशी युद्ध सुरू झाले, तशी ब्रिटनहून येणारी दारू बंद झाली. फ्रेंच आणि डच व्यापाऱ्यांकडून कॅरिबियन बेटांमार्गे मिळेल तेवढी दारू किनाऱ्यावर उतरत होती. पण डोंगर ओलांडून गेलेल्यांना बंदर कुठले? त्यांची वस्तीच मुळात बेकायदा होती. डोंगरापलीकडे वसाहत करू नये, असा राजाचा १७६३ चा जाहीरनामा होता. ती भूमी चेरोकींची होती, आणि १७७६ मध्ये चेरोकींनी वटॉगाच्या किल्ल्याला वेढाही घातला होता. अशा जागी दारू संपणे म्हणजे शिकार संपणे आणि संरक्षणही संपणे.

मेरीचा जन्म १७५१ चा, इंग्लंडमधला. कुटुंब पेनसिल्व्हेनियात आले, १७७२ मध्ये जॉन पॅटनशी तिचे लग्न झाले. कार्लाइल परिसरात या जोडप्याची दारूची गिरणी होती. ती विकून ते वटॉगाला आले आणि सिकमोर शोल्सजवळच्या एका ओढ्याकाठी त्यांनी नवी गिरणी उभारली. त्या मुलखात हत्यारे होती, नेमबाज तर नावाजलेले होते. नव्हते ते दारू करण्याचे ज्ञान, आणि ते मेरीसोबत आले.

हे ज्ञान वरवर सोपे वाटते: सुमारे ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा, १० भाग गंधक. पण सगळी मेहनत सोऱ्यात आहे. गुहांमधली किंवा गोठ्यांखालची, शेणमुताने मुरलेली माती गोळा करायची. पाणी ओतून तिच्यातला क्षार उतरवायचा. हा क्षार बराचसा कॅल्शियमचा असतो आणि हवेतली ओल धरतो, म्हणून त्यात लाकडाच्या राखेचे पाणी मिसळायचे. राखेतल्या पोटॅशमुळे कॅल्शियम खाली बसतो आणि खरा सोरा पाण्यात राहतो. मग ते पाणी मोठ्या लोखंडी कढयांत आटवायचे, गार होऊ द्यायचे, म्हणजे स्फटिक धरतात. कोळसा विलोसारख्या हलक्या लाकडाचा हवा. गंधक मात्र बाहेरूनच आणावे लागे.

नंतरचा भाग जिवावरचा. अशा गिरण्यांत पाणचक्कीवर उचलली जाणारी लाकडी मुसळे तिन्ही जिन्नस तासन्‌तास कुटत. मिश्रण सतत ओले ठेवावे लागे. ते कोरडे पडले आणि कुठे ठिणगी उडाली, की गिरणी आणि माणसे दोन्ही संपली. कुटलेला गोळा चाळणीतून दाबून दाणे पाडायचे, कारण दाण्यांमधल्या फटींतून आग झटकन पसरते आणि बार जोरात निघतो. मग ते दाणे आगीपासून दूर वाळवायचे. ५०० पौंडांमागे हे सगळे होते.

ब्रिटिश मेजर पॅट्रिक फर्ग्युसनने डोंगरापलीकडच्यांना निरोप धाडला होता: विरोध थांबवा, नाहीतर मी येऊन तुमची वस्ती जाळीन. ते त्याची वाट पाहत बसले नाहीत. २५ सप्टेंबरला सिकमोर शोल्सला जमले, डोंगर उतरले आणि ७ ऑक्टोबरला किंग्ज माउंटनवर त्याला गाठले. लढाई तासाभराची झाली. फर्ग्युसन मारला गेला, त्याची फौज एकतर मेली किंवा कैद झाली.

या विजयाच्या वर्णनांत जॉन सेव्हियर, आयझॅक शेल्बी, विल्यम कॅम्बेल या सेनानायकांची नावे ठळक असतात. माझ्या मते मेरी पॅटनचे नाव त्यांच्या ओळीत हवे. मात्र तिचा गौरव करताना दुसरी बाजू झाकू नये. त्याच वर्षी डिसेंबरात सेव्हियरची माणसे चेरोकींवर चालून गेली आणि त्यांची गावे जाळली गेली. सरहद्दीवरच्या दारूने राजाचे सैन्य हरवले, तशी मूळ रहिवाशांची भूमीही हिरावली.

मेरी युद्धानंतरही दारू करत राहिली. पौंडाला एक डॉलर असा तिचा भाव सांगतात. १८३६ मध्ये ती वारली. तो ओढा आजही ‘पावडर ब्रँच’ याच नावाने ओळखला जातो.

पुढच्या आठवड्यात आपण फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए याच्या एका शिष्याकडे वळू. एल्यूथेर इरेने द्यू पाँ याने १८०२ मध्ये डेलावेअरमधल्या ब्रँडीवाइन नदीकाठी दारूचा कारखाना काढला आणि घरगुती गिरण्यांचा जमाना मागे पडू लागला.