गिऱ्हाईक गल्ल्यापाशी येऊन परत का जाते?

आमच्या वहिनींच्या हातची थालीपिठाची भाजणी एकदा खाल्लेला माणूस पुन्हा मागितल्यावाचून राहत नाही. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला आणि दिवाळीत चिवडा, एवढाच त्यांचा पसारा. ठाण्यातल्या राहत्या घराच्या मागच्या खोलीत चार बायका भाजतात, निवडतात, पुड्या बांधतात. त्या चौघींची चूल या खोलीवर पेटते. तीन वर्षांपूर्वी चिरंजिवांनी नोकरीसाठी बंगलोर गाठले, आणि जाण्यापूर्वी आईला एक ऑनलाइन दुकान थाटून दिले. दुकान दिसायला झकास, गल्ला मात्र रिकामा! गेल्या वर्षी श्रावणात वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही जन्मभर हिशेब तपासलेत. माणसे येतात, पिशवी भरतात आणि पैसे न देता निघून जातात. दिवाळीपर्यंत वाट बघते. नाहीतर दोघींना 'येऊ नका' म्हणावे लागेल."

हे दुःख एकट्या वहिनींचे नव्हे. डेन्मार्कमधील बेमार्ड नावाची संस्था या विषयाचा कीस काढत असते. अनेक पाहण्यांची सरासरी घेऊन ती सांगते, की भरलेल्या १०० पिशव्यांपैकी सुमारे ७० तशाच टाकून लोक चालते होतात. त्यांतले पुष्कळ नुसते बघे असतात; ते लक्ष्मी रोडवरही असतात. पण खरोखर घ्यायला आलेल्यांना पळवून लावणारे पहिले कारण म्हणजे शेवटच्या पायरीवर एकदम वाढणारा खर्च.

मी गिऱ्हाईक होऊन पाहिले. अर्धा किलो भाजणी १८० रुपये. ठीक. मग खाते उघडा, परवलीचा शब्द ठरवा, तो दुसऱ्यांदा लिहा, पत्ता लिहा. आणि एवढी शिक्षा भोगल्यावर पडद्यावर आकडा उमटला २८५! पुडी हातात दिल्यावर दोऱ्याचे पैसे वेगळे मागणारा वाणी आपण कधी पाहिला आहे का?

आता टपालाचा खर्च काही वहिनींनी खिशात घालायचा नाही. पण तो एवढा का, हे पाहायला हवे होते. स्पीड पोस्ट काय किंवा कुरिअर काय, वजनाचे टप्पे करून दर लावतात, आणि ५०० ग्रॅम हा त्यांतला एक टप्पा. अर्धा किलो भाजणी खोक्यात घातली, की खोक्याच्या वजनाने टप्पा ओलांडला जातो आणि पुढच्या टप्प्याचे पैसे पडतात. म्हणजे गिऱ्हाईक पुठ्ठ्यापायी दंड भरत होते. वहिनींनी ४०० ग्रॅमची पुडी केली, किंमत त्या मानाने उतरवली, आणि बांधाबांधीसकट सारे ५०० च्या आत बसवले. चिवड्याचे मात्र निराळे. तो हलका, पण जागा फार खातो, आणि कुरिअरवाले आकारमानही मोजतात. त्यासाठी लहान खोके आणावे लागले.

दुसरी दुरुस्ती म्हणजे भाजणीच्या चित्राखालीच पिनकोड विचारायचा आणि घरपोच किती पडेल ते तिथल्या तिथे सांगून टाकायचे. हा सहा आकडी पिनकोड श्रीराम भिकाजी वेलणकर या आपल्या मराठी माणसाची, आणि संस्कृत कवीची, करणी. १५ ऑगस्ट १९७२ पासून तो देशाची पत्रे पोचवतो आहे. खाते उघडण्याची सक्तीही गेली. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी तर एकूण किंमत एका आकड्यात, फोड करून दाखवणे बंधनकारकच केले आहे.

छायाचित्रे फोनने काढलेली, एकेक चार-पाच एमबींची. ती बारीक केल्यावर पान चटकन उघडू लागले. 'भाजणी' हा शब्द इंग्रजी अक्षरांतही लिहिला, कारण निम्मी मंडळी तसाच शोधतात.

एका तरुण सल्लागाराने सुचवले, "काकू, 'फक्त दोनच पाकिटे शिल्लक' असे झळकवा. लोक घाईने घेतात." वहिनींनी कोठीकडे बोट दाखवले. तिथे चाळीस पुड्या होत्या! असली खोटी घाई ३० नोव्हेंबर २०२३ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांतील तेरा निषिद्ध युक्त्यांत मोडते, हे मी मागाहून सांगितले. वहिनींना त्याची गरज नव्हती.

आलेले गिऱ्हाईक टिकवण्याचा त्यांचा उपाय साधा. पुडीवर भाजल्याची तारीख ठळक. नागपूरच्या एका बाईंची पुडी फुटून पोचली, तर वाद न घालता त्याच दिवशी दुसरी रवाना. त्या बाईंनी दुकानाच्या पानावर आधी तक्रार लिहिली होती. ती वहिनींनी पुसली नाही, खाली उत्तर लिहिले. भाजणी संपत आली असेल अशा बेताने, गिऱ्हाइकाने हो म्हटले असेल तरच, व्हॉट्सॲपवर एक ओळ. एकच! रोज सकाळी सुप्रभात पाठवणाऱ्या दुकानदारांना माझा दुरूनच नमस्कार.

दिवाळीला चौघीही कामावर होत्या. आठवडा उरला, तेव्हा हात पुरेनात म्हणून वहिनींनी दुकानावर पाटी लावली, की आता मागवलेला चिवडा भाऊबीजेनंतर मिळेल. त्या पाटीखालीही मागण्या आल्याच. पुण्याच्या एका गृहस्थांनी लिहिले, "चालेल. तुळशीच्या लग्नाला खाऊ. तिखट बेताचे असू द्या."