डूमच्या नकाशातील लिफ्ट

‘डूम’ हा संगणकावरील खेळ १९९३ साली प्रसिद्ध झाला. त्याचे नवे नकाशे खेळणाऱ्यांनाही रचता येतात. अशाच एका नकाशात आम्ही लिफ्ट बसविली, तिची ही हकीकत.

या खेळातील वीर २४ एककांहून उंच पायरी चढू शकत नाही. आमची खोली ० उंचीवर व सज्जा १२८ उंचीवर होता. दोहोंच्या मध्ये आम्ही एक चौकोन आखला, त्याची जमीन सज्जाइतकी उंच ठेवली व त्यास ५ हा खूणक्रमांक दिला. सज्जाकडील रेषेसही तोच क्रमांक व ८८ ही क्रिया दिली. रेषा ओलांडताच चौकोन वीरासह खाली उतरला, ३ सेकंद थांबला व पुन्हा वर गेला.

परंतु तोवर आमचा वीर खोलीत उतरला होता! लिफ्ट बोलाविण्याचे साधन खाली नव्हतेच. बिचारा कैदी झाला. तेव्हा चूक उमगली. खोलीकडील रेषेस आम्ही ६२ ही क्रिया व ५ हा क्रमांक दिला आणि तिची दर्शनी बाजू खोलीकडे ठेवली. आता ती भिंत दाबताच लिफ्ट खाली येते.

विद्यार्थी मित्रहो, लिफ्ट रचताना प्रथम खाली उभ्या असलेल्याचा विचार करावा, हे आम्ही त्या दिवशी शिकलो.